गुरूपाशी ऊन इतकं कमी, मग तिथे गेलेल्या यानाचे सोलर पॅनल चालतात कसे?

व्यवस्थित चालतात. ऐरोली-कोपरखैरणे भागात सोसायट्यांच्या गच्चीवर सोलर बसवणं हेच माझं काम, त्यामुळे प्रश्न वाचून राहवलं नाही.

गुरू सूर्यापासून आपल्या 5.2 पट लांब आहे. अंतर पाचपट वाढलं की ऊन पंचविसाव्या हिश्श्यावर येतं. पृथ्वीजवळ अवकाशात चौरस मीटरला 1361 वॅट ऊन मिळतं, गुरूपाशी जेमतेम 50. म्हणून 2011 मध्ये निघालेल्या जुनो यानाला प्रत्येकी सुमारे 9 मीटरचे तीन पंख दिले. पृथ्वीजवळ त्यांची ताकद 14 किलोवॅट. 2016 मध्ये गुरूपाशी पोहोचल्यावर मिळाले 500 वॅटच्या आसपास. आम्ही हल्ली 550 वॅटचं एकेक पॅनल लावतो, त्याहून कमी! तेवढ्यात उपकरणं, रेडिओ, हीटर सगळं भागवायचं.

थंडीचा तसा फायदाच. मे महिन्यात पॅनलला हात लावला तर चटका बसतो, आणि तापलं की व्होल्टेज उतरतो. गुरूपाशी उलट. मात्र कडाक्याची थंडी आणि मंद ऊन एकत्र आलं की काही सेल मान टाकतात, त्यामुळे सेल पारखून घ्यावे लागतात. शनीपाशी ऊन नव्वदाव्या हिश्श्यावर येतं. तिथून पुढे गेलेली व्हॉयेजर यानं प्लुटोनियमच्या उष्णतेवर वीज करतात.

पण माझ्या मते खरी धास्ती सावलीची. गेल्या डिसेंबरात एका सोसायटीचे युनिट रोज तीननंतर धपकन पडायचे. वर जाऊन पाहिलं तर पाण्याच्या टाकीची वीतभर सावली दोन पॅनलांच्या खालच्या कडेवर. एका माळेत जोडलेले पॅनल असले की एकाचा करंट अडला तरी बाकीच्यांना भोगावं लागतं. शेवटी सगळा सांगाडा चार फूट सरकवला.

2014 मध्ये फिली हे छोटं यान धूमकेतूवर उतरलं ते कड्याच्या सावलीत, आणि अडीच दिवसांत बॅटरी संपून गप्प झालं. जुनोवरही ती वेळ येणार होती. नोव्हेंबर 2019 मध्ये ते गुरूच्या सावलीत बारा तास सापडलं असतं आणि गारठून बंद पडलं असतं. म्हणून महिनाभर आधी, 30 सप्टेंबरला, साडेदहा तास थ्रस्टर चालवून त्याची कक्षा सरकवली. सावली बाजूने निघून गेली.