मोझार्टचा डी मेजरमधला बासरीचा कॉन्चेर्टो मुळात ओबोसाठी होता, हे खरं आहे का?

हो, खरं आहे. (कॉन्चेर्टो म्हणजे एक मुख्य वाद्य आणि वाद्यवृंद यांची रचना, ओबो हे सनईसारखं फुंकवाद्य, आणि डी मेजर, सी मेजर या पट्ट्या.) 1777 साली मोझार्टने साल्झबुर्गमधल्या फेर्लेन्दिस या ओबोवादकासाठी सी मेजरमध्ये एक कॉन्चेर्टो लिहिला. त्याच वर्षाच्या शेवटी मानहाइममध्ये त्याला द जाँ नावाचा हौशी बासरीवादक भेटला. त्याने बासरीसाठी तीन छोटे, सोपे कॉन्चेर्टो आणि काही क्वार्टेट (चार वाद्यांच्या रचना) मागितले. ठरले 200 गुल्डेन (तेव्हाचं चलन). मोझार्टने जी मेजरचा कॉन्चेर्टो (के. 313; के. म्हणजे मोझार्टच्या रचनांच्या यादीतला क्रमांक) नवा लिहिला आणि दुसऱ्यासाठी ओबोचाच एक स्वर वर चढवून डी मेजरमध्ये दिला (के. 314). आपल्या पेटीच्या भाषेत पांढरी एकचं पांढरी दोनमध्ये! काम अर्धवट राहिलं आणि हातात पडले 96 गुल्डेन. मग वडिलांना पत्र: जे वाद्य सोसवत नाही त्यासाठी सतत लिहायचं म्हणजे हात चालत नाही. मला विचाराल तर ही निव्वळ सबब.

ओबोची मूळ रचना हरवली होती. 1920 मध्ये साल्झबुर्गला तिचे वादकांचे कागद सापडले आणि मग हे नातं उलगडलं.

आधी कोणता ऐकू म्हणाल तर जी मेजरचा. त्याच्या संथ भागात मोझार्ट ओबो बाजूला ठेवून वाद्यवृंदातच दोन बासऱ्या बसवतो. मुख्य बासरी सुरू होण्याआधीच हवा मऊ झालेली असते. नावडत्या वाद्यासाठी कोणी एवढं करतं का?