घर राहायला सोयीचं होणार की नुसतं फोटोत छान दिसणार, हे काम सुरू व्हायच्या आधी कसं ओळखायचं?

तुम्ही विचारलंय की ठाण्यात छोटा टू बीएचके आहे, राहणारे पाच जण (दोघं, दोन मुलं आणि आई), डिझायनरचे थ्रीडी फोटो आवडलेत, पण पुढे पस्तावायला नको.

फोटो बाजूला ठेवा आणि टेप घेऊन आधी घरातल्या वस्तू मोजा. कणकेचा सगळ्यात मोठा डबा, पाच लिटरचा कुकर, प्रवासाची मोठी बॅग, इस्त्रीचं टेबल, पाहुण्यांच्या गाद्या, मुलांची दप्तरं. मग ड्रॉइंग समोर घ्या आणि एकेका वस्तूचं नाव घालून बाण काढा. ज्या वस्तूला बाण मिळत नाही, ती महिनाभरात सोफ्यावर नाहीतर दारामागच्या खिळ्यावर दिसणार. दप्तराला दाराजवळ हूक नसेल तर ते जमिनीवरच पडणार, मुलांना कितीही ओरडा.

दुसरं म्हणजे फर्निचर खडूने जमिनीवर आखा. १० बाय १० ची बेडरूम घ्या. ६ फूट रुंद पलंग आणि २ फूट खोल कपाट, म्हणजे ८ फूट गेले. उरलेल्या २ फुटांत कपाटाचं दार उघडून उभं राहता येत नाही. ५ फुटी पलंग भिंतीला लावला तर कपाटापुढे ३ फूट मिळतात, पण आत झोपणाऱ्याला रात्री दुसऱ्याला ओलांडून यावं लागतं. यातलं काय सोसेल ते तुम्ही ठरवा, डिझायनरने नाही. सरकत्या दारांचं कपाट हा ठरलेला सल्ला मिळेल. ट्रॅकमुळे ते ३-४ इंच जास्त खोल करावं लागतं आणि एका वेळी अर्धंच उघडतं, हे मात्र क्वचितच सांगितलं जातं.

खरी परीक्षा स्वयंपाकघरात. ओटा सरसकट ३४ इंचांवर बसवून टाकतात. जी व्यक्ती रोज जास्त वेळ उभी राहते तिचं माप घ्या: अनवाणी ताठ उभं राहून कोपर काटकोनात वाकवायचं आणि तिथून ४-५ इंच खाली ओट्याची पातळी धरायची. ५ फूट उंचीच्या बाईला हे साधारण ३२-३३ इंच येतं. पोळपाटाने आणखी इंच-दीड इंच वाढतो आणि लाटताना वरून दाब द्यायचा असतो. लाटताना खांदे वर उचलले जात असतील तर ओटा उंच झालाय, आणि कडप्पा-ग्रॅनाइट एकदा बसलं की ते खाली आणता येत नाही. ट्रॉल्यांमध्ये वरचा ड्रॉवर ४ इंचांचा चमच्यांना, मधला ६-७ इंचांचा ताट-वाट्यांना आणि खालचा किमान १२ इंचांचा कुकर-कढयांना. सगळे सारख्या उंचीचे ड्रॉवर फोटोत छान दिसतात, वापरताना निम्मी हवा साठवतात. कोपऱ्यातल्या फिरत्या ट्रॉलीवर मी पैसे घालणार नाही. तिथे साध्या फळ्या ठेवून धान्याची पिंपं ठेवावीत.

१४.२ किलोचा सिलिंडर सुमारे २५ इंच उंच आणि १२-१३ इंच रुंद असतो. कप्पा आतून १५ इंच रुंद ठेवा, त्याला तळाची फळी नको, म्हणजे सिलिंडर उचलावा न लागता सरकवता येतो. दाराला अगदी खाली जाळी हवीच. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर तळाशी साचतो. वरची जाळी त्याला उपयोगाची नाही.

सुतारकामात लोक वरच्या सनमायकाचा रंग निवडण्यात आठवडा घालवतात आणि आतलं प्लाय बघतच नाहीत. सिंकखाली आणि बाथरूमच्या भिंतीला लागून आयएस ७१० चं, म्हणजे ओलाव्याला टिकणारं मरीन प्लाय घ्या, शिक्का प्रत्येक शीटवर स्वतः बघा. पार्टिकल बोर्ड तिथे एकदा भिजून फुगला की पूर्ववत होत नाही. दाराला बाहेरून १ मिमी सनमायका लावला तर आतूनही सनमायकाच हवा, थोडा पातळ चालेल. आतून नुसता रंग मारून पैसे वाचवले की दोन्ही बाजूंचा ताण असमान होतो आणि दार धनुष्यासारखं वाकतं. १८ मिमीच्या फळीला अडीच फुटांवर मध्ये आधार द्या, नाहीतर पुस्तकांनी तिच्या पोटात बाक येतो. ७ फुटी दाराला ३ बिजागऱ्या पुरत नाहीत, ५ लावून घ्या.

कोकणपट्टीत आणखी एक गोष्ट: पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो. त्या बाजूच्या बाहेरच्या भिंतीला कपाट शक्यतो लावू नका. लावावंच लागलं तर मागे दीड-दोन इंच मोकळे सोडा आणि वर-खाली हवा खेळू द्या. ओल आलेली भिंत पीव्हीसी पॅनलने झाकणं म्हणजे बुरशीला पांघरूण घालणं, गळती आधी बाहेरून बंद करा. आणि बाल्कनी खोलीत घ्यायच्या आधी जुलैत पाच जणांचे कपडे कुठे वाळणार ते ठरवा. ते हॉलमध्ये पंख्याखाली आले की ओल घरातच राहते.

विजेचे पॉइंट फर्निचरचं ड्रॉइंग पक्कं झाल्यावरच. उलटं झालं की पलंगाचा स्विच हेडबोर्डमागे जातो आणि एक्स्टेन्शन बोर्ड लोंबकळतो. ओट्यावर किमान चार पॉइंट लागतात, त्यातले दोन १६ अँपिअरचे. ओट्यावरच्या कपाटाखाली एलईडी पट्टी लावा. छताचा दिवा पाठीमागे असतो, त्यामुळे चिरताना आपलीच सावली विळीवर पडते. फॉल्स सीलिंग हवंच असेल तर फक्त कडेने. पूर्ण केलं तर पंख्याचा दांडा लांब घ्यावा लागतो, नाहीतर पाती छताला चिकटून फिरतात आणि वारा लागत नाही.

आईंसाठी सोफ्याची बैठक १७-१८ इंच उंच आणि हाताला टेकायला कडक दांडा. मऊ, खोल, बुटका सोफा दिसतो ऐटदार, त्यातून उठताना गुडघे बोलतात. बाथरूममधला आधाराचा दांडा टाइल लावायच्या आधी ठरवा, म्हणजे मागे पक्की भिंत मिळेल.

रंग आवडेल तो द्या, तो तीन-चार वर्षांनी बदलतोच.

करारात शेवटचे १० टक्के पैसे ताबा घेतल्यानंतर दीड महिन्याने द्यायचे असं लिहून घ्या. ड्रॉवर भरून वापरात आले की चॅनल आणि बिजागऱ्या बसतात, दारं एकमेकांना घासायला लागतात. दुरुस्तीला स्क्रूचे दोन-चार आटे पुरतात, पण पूर्ण पैसे दिलेले असले की ते फिरवायला सुतार येत नाही.