अलीकडे तुम्ही कोणते व्हिडिओ गेम संपवलेत? थोडक्यात मत सांगाल का?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की लॅपटॉप साधा आहे, नोकरी आहे आणि रात्री जेमतेम तासभर मिळतो. माझंही तसंच आहे. सोलापूरच्या पूर्व भागात राहतो, दिवस चाटी गल्लीत कापडाच्या हिशेबात जातो. घराशेजारी यंत्रमाग चालू असतात, त्यामुळे हेडफोन लावल्याशिवाय गेममधलं काही ऐकू येत नाही. उन्हाळ्यात तर लाइट कधी जाईल ते सांगता येत नाही. म्हणून गेम घेताना मी एकच बघतो : तासातासाने खेळलं, मध्ये चार दिवस खाडा पडला, तरी तो शेवटपर्यंत नेता येतो का? सत्तर-ऐंशी तासांच्या अवाढव्य गेमांकडे मी आता फिरकतही नाही.

सगळ्यात जास्त मनात राहिला तो वेन्बा (2023). 1988 मध्ये कॅनडात राहायला गेलेलं तमिळ जोडपं, तिथेच वाढणारा त्यांचा मुलगा कविन आणि त्या बाईला तिच्या आईकडून आलेली, जागोजागी पुसट झालेली पाककृतींची वही. इथे खेळणं म्हणजे स्वयंपाक करणं. वहीतलं जे वाचता येत नाही ते डोकं लढवून भरून काढायचं. पहिल्याच इडलीला ताटल्या अशा रचायच्या की वाफ वरपर्यंत पोचेल. ज्याच्या घरी इडलीपात्र आहे त्याला हे कोडं वाटणारच नाही. पुढे कविन मोठा होतो आणि आईची भाषा त्याच्या तोंडातून हळूहळू कमी होत जाते.

आमच्या घरची भाषा तेलुगू. आजी तेलुगूत विचारायची, मी मराठीत उत्तर द्यायचो. शाळा मराठी, दोस्त मराठी. पूर्व भागातल्या कितीतरी घरांत हेच चालतं आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. पण कविन एकटाच आईच्या कृतीवरून रांधायला घेतो आणि त्याला तमिळ मजकूर धड लागत नाही, तिथे मी गेम थांबवला आणि स्वयंपाकघरात जाऊन आईकडून पच्ची पुलुसूची कृती विचारून घेतली. तिने तेलुगूत सांगितली, मी मराठीत उतरवली. असं दुसऱ्या कुठल्या गेमने माझ्याकडून करवून घेतलेलं नाही.

टोरंटोच्या विसाई गेम्सचं हे काम, 2024 मध्ये पदार्पणाच्या गेमसाठीचा ब्रिटनचा बाफ्टा पुरस्कार मिळालेलं. अख्खा गेम दीडेक तासात संपतो. स्टीमवर (गेम विकणारं ऑनलाइन दुकान) घेतल्यापासून 14 दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलं असेल तर पैसे परत मागता येतात, म्हणजे हा पूर्ण खेळूनही परत करता येईल. करू नका.

रिटर्न ऑफ द ओब्रा डिन (2018) हा माझ्या मते या यादीतला सर्वांत हुशार गेम. 1803 मध्ये बेपत्ता झालेलं जहाज 1807 मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्याला लागतं आणि ईस्ट इंडिया कंपनीचे विमा तपासनीस म्हणून तुम्ही त्यावर चढता. जहाजावर साठ जण होते. प्रत्येकाचं नाव काय, त्याचं काय झालं, मेला असेल तर कशाने आणि कुणाच्या हातून, हे शोधायचं. जवळ एक घड्याळ असतं. ते प्रेतापाशी उघडलं की त्या माणसाच्या मरणाचा क्षण थिजलेला दिसतो आणि त्यात फिरून बघता येतं. सगळं चित्र दोनच रंगांत. लुकास पोप या एकट्या माणसाने जवळजवळ सगळं केलंय. तीन माणसांची माहिती बरोबर भरली की मगच गेम शिक्कामोर्तब करतो, त्यामुळे अंदाजपंचे ठोकून फार पुढे जाता येत नाही.

कोण आयरिश, कोण स्कॉटिश हे बऱ्याचदा बोलण्यावरून ताडावं लागतं. सोलापुरात समोरचा मराठीत चार वाक्यं बोलला की त्याच्या घरी कानडी बोलतात, तेलुगू की उर्दू, हे आपल्याला न सांगता कळतं. हे तसलंच काम, पण इंग्रजी हेलांपुढे माझे कान काही चालेनात. मग झोपायच्या झोळ्यांवरचे नंबर, पायातले बूट, अंगावरचं गोंदण यांवरच मदार. खलाशांच्या यादीत हिंदुस्थानी नावंही आहेत. त्यांचं काय होतं ते तुम्हीच शोधा. एक मात्र आहे, या गेमला खाडा चालत नाही. आठवडाभराने उघडलात तर अर्धे चेहरे विसरलेले असतात. शेजारी वही ठेवाच.

खाडा पडण्यावर खरा इलाज प्रिन्स ऑफ पर्शिया : द लॉस्ट क्राउनमध्ये सापडला (जानेवारी 2024). काफ पर्वतावरच्या भूलभुलैयात सार्गोन नावाचा योद्धा पळवून नेलेल्या राजपुत्राला शोधतोय. जिथे अडलो तिथला फोटो काढून थेट नकाशावर टाचता येतो. आठ दिवसांनी आलं तरी 'हा दरवाजा का राहिला होता' ते लगेच समजतं. इतकी साधी सोय आधी कुणाला कशी सुचली नाही! उड्या आणि तलवारबाजी हाताला इतकी गोड लागते की गोंधळलेल्या कथेकडे दुर्लक्ष होतं. दुर्दैवाने अपेक्षेइतका खपला नाही आणि वर्षाच्या अखेरीकडे तो बनवणारी टीम विखुरल्याच्या बातम्या आल्या.

सेलेस्ट (2018) डोंगर चढण्याचा. मरायचं, परत उडी मारायची, परत मरायचं. त्यात असिस्ट मोड आहे, म्हणजे वेग कमी करा, हवं तर मरणच बंद करा. मी शेवटच्या टप्प्यात तो लावला. यावर मित्राचं म्हणणं, "असिस्ट लावून संपवलं म्हणजे संपवलं नाही बे." त्याचा स्वतःचा अजून तिसऱ्या टप्प्यावर अडकलाय.

बहीण माहेरी आली होती तेव्हा इट टेक्स टू (2021) खेळलो. हा दोघांनीच खेळायचा, एकट्याला चालतच नाही. घटस्फोटाच्या बेतात असलेले आईबाप बाहुल्या होतात. दर थोड्या वेळाने खेळ पूर्ण बदलतो, त्यामुळे कंटाळा येत नाही. पण मुलीच्या लाडक्या हत्तिणीच्या खेळण्याला हे दोघं जे करतात ते बघून बहिणीने कंट्रोलर खाली ठेवला आणि "हे काय आईबाप आहेत?" म्हणाली. सल्ले देणारं ते बोलकं पुस्तक मला शेवटपर्यंत सहन झालं नाही.

पुण्यात बनलेला राजी (2020) आवर्जून खेळलो. राजस्थानी वाडे, भिंतींवरच्या चित्रांतून उलगडणाऱ्या देवादिकांच्या गोष्टी, दुर्गा आणि विष्णू वरून बघत बोलतायत, डोळ्यांचं पारणं फिटतं. मारामारी जरा अवघडल्यासारखी आहे आणि शेवट मध्येच तोडल्यासारखा. स्ट्रे (2022) मध्ये आपण मांजर असतो, म्याव करायला वेगळं बटण आहे. छान आहे, पण यापलीकडे सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

तुमच्या लॅपटॉपवर वेन्बा, सेलेस्ट आणि ओब्रा डिन चालायला अडचण येऊ नये; स्ट्रे आणि इट टेक्स टूला बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड लागेल. या शनिवारी रात्री वेन्बा संपवा आणि ओब्रा डिनला सलग सुट्ट्या असतील तेव्हा हात घाला. घाई नसेल तर स्टीमचा उन्हाळी सेल साधारण जूनअखेरीस लागतो.