बावीसचा पाढा

प्रिय तरुण सहकाऱ्यास,
सप्रेम नमस्कार.

मेंटर म्हणून कॉलेजातल्या मुलांची यादी हातात आली आहे आणि त्यांची क्रेडिट (विषय पास झाल्यावर जमा होणारे भारांक) तपासायची कशी, असं तू विचारलं आहेस. सुरुवात बावीसच्या पाढ्याने कर. नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत आपल्या राज्यात एका सहामाही सत्राला 20 ते 22 क्रेडिट आहेत. तुमच्याकडे 22 असतील तर सत्रागणिक बेरीज 22, 44, 66, 88, 110, 132 अशी चढते. पाचव्या सत्रात पाऊल टाकणाऱ्या मुलाच्या नावावर 88 जमा हवीत. हे आकडे जिभेवर असले की गुणपत्रिका उघडताक्षणी तूट दिसते.

पण बेरीज जुळली म्हणून पदवी जुळली असं समजू नकोस. पदवीला प्रत्येक रकाना भरलेला लागतो. एका मुलासाठी एक आडवं पान घे. उभे सहा भाग सत्रांचे आणि आडव्या ओळी मेजर (मुख्य विषय), मायनर (दुय्यम विषय), ओई (खुला ऐच्छिक विषय), व्हीएससी (व्यावसायिक कौशल्य), एसईसी (कौशल्यवृद्धी), एईसी (भाषा व क्षमता), व्हीईसी (मूल्यशिक्षण), आयकेएस (भारतीय ज्ञानपरंपरा), सीसी (एनएसएस, खेळ असे सहअभ्यासक्रम), आणि शेवटी फील्ड प्रोजेक्ट, सीईपी (समाजसहभाग प्रकल्प), ओजेटी (प्रत्यक्ष कामातलं प्रशिक्षण). प्रत्येक चौकटीत आधी पेन्सिलीने किती हवीत ते लिही, मग शाईने किती मिळाली ते. पेन्सिलीचा आकडा त्या मुलाच्या प्रवेशवर्षाच्या रचनेतून घ्यायचा, यंदाच्या माहितीपुस्तिकेतून नव्हे. संलग्न कॉलेजांत ही रचना 2024-25 पासून आली, त्यामुळे वर्गात मध्येच खंड पडलेली, जुन्या पॅटर्नची केटी (राहिलेला पेपर) घेऊन आलेली मुलंही भेटतील. त्यांच्या पेपरला नव्यातला कोणता पेपर समकक्ष धरायचा ते परीक्षा विभागाकडून लेखी घे. शाईचा आकडा मूळ गुणपत्रिकेवरून. मोबाइलवरच्या निकालाच्या फोटोवरून कधीही नाही. त्यात पान अर्धं कापलेलं असतं आणि नेमकी अंतर्गत गुणांची ओळ गायब असते.

आता एक पान जवळून बघ. पाचव्या सत्राची सुरुवात आहे, 88 हवीत, दिसतात 82. सहा कुठे गेली? बोट ठेवून ओळी उतर. तिसऱ्या सत्रात मेजरचा चार क्रेडिटचा एक पेपर राहिला आहे आणि चौथ्या सत्रातला सीसीचा दोन क्रेडिटचा चौकोन कोरा आहे. पहिली तूट विद्यार्थ्याची आहे, तिला केटीचा फॉर्म लागतो. दुसरी बहुधा आपली आहे. मूल एनएसएसमध्ये वर्षभर राबलं, सात दिवसांच्या शिबिराला गेलं, पण त्याचे गुण वेळेत भरलेच गेले नाहीत. तिथे मुलाला फॉर्म भरायला लावणं अन्यायाचं आहे. हजेरीवही काढून संबंधित शिक्षकाकडे तू स्वतः जा. दोन्ही तुटी कागदावर सारख्याच दिसतात, म्हणून प्रत्येक कोऱ्या चौकोनापुढे कारण लिही: नापास, गैरहजर, गुण भरले नाहीत, निवड चुकली.

निवड चुकणं हे सर्वांत दगाबाज. ओई मेजरच्या विद्याशाखेबाहेरचाच घ्यावा लागतो. कॉमर्सच्या मुलाने वेळापत्रकाला सोयीचा म्हणून कॉमर्सकडचाच ओई घेतला, तो पासही झाला, बेरीज तंतोतंत आली, तर तपासणाऱ्याची नजर सहज पुढे सरकते. म्हणून ओईच्या ओळीत नुसता आकडा न लिहिता विषयाचं नाव आणि विद्याशाखा लिही. दुसऱ्या विद्यापीठातून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्यांची आयकेएस आणि व्हीईसीची ओळ आधी बघ. हे विषय पहिल्या वर्षातले, तिथेच भोक असतं.

केटीबद्दल एक गोष्ट दरवेळी सांगावीच लागेल. नियमित परीक्षेचा फॉर्म भरला म्हणजे केटीचा भरला असं होत नाही. फॉर्म वेगळा, शुल्क वेगळं, अनेकदा शेवटची तारीखही वेगळी. तो पेपर लगेच पुढच्या सत्रात होणार की वर्षाने, आणि नियमित पेपरशी त्याची वेळ धडकते का, हे परीक्षा विभागात विचारून पानावर टीप कर. आपल्याकडे गुहागर, राजापूर, लांज्याच्या आतल्या वाडीतून एसटीने येणारी मुलं असतात. केटीचा पेपर संध्याकाळी असेल तर परतीची गाडी मिळते का, हेही विचार. परीक्षेला बसायचं ठरवून गैरहजर राहण्यामागे कधी कधी तेवढंच कारण असतं.

ओजेटीची चार क्रेडिट सहाव्या सत्रात येतात आणि तिथे कोकणचं पंचांग आडवं येतं. एका क्रेडिटला 30 तास, म्हणजे 120 तास. रोज सहा तास धरले तर कामाचे 20 दिवस. जागा ठरवताना हे दिवस मोजून दे. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, त्यामुळे मिरकरवाड्याच्या बंदरावर राहिलेले तास जूनमध्ये भरून काढू म्हणणाऱ्याला आधीच थांबव. मालवण-तारकर्लीचं जलपर्यटनही पावसात बंद. आंब्याच्या पॅकिंगमध्ये एप्रिल-मे महिन्यांत काम भरपूर, पण नेमकी तेव्हाच परीक्षा. पतसंस्था, ग्रामपंचायत, काजूप्रक्रिया असे बारमाही पर्याय यादीत ठेव. रोजनिशीवर रोजची सही, शेवटी संस्थेचा शिक्का आणि तासांचा स्पष्ट आकडा असलेलं पत्र, हे तिन्ही नसेल तर केलेलं कामही मोजता येत नाही. फील्ड प्रोजेक्टची भेट गणपतीच्या आधी उरकायला सांग. गणपतीत गावचं घर चाकरमान्यांनी भरलेलं असतं, सर्व्हे कुणाचा करणार?

एबीसी (अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स) खातं म्हणजे क्रेडिटचं पासबुक, गुणपत्रिकेचा पर्याय नव्हे. तिथे आकडा उशिरा उतरतो, आणि नावात फरक असला तर उतरतच नाही. आधारवर नाव आधी, गुणपत्रिकेवर आडनाव आधी, वडिलांच्या नावाचं स्पेलिंग दोन तऱ्हेचं, ही नेहमीची भानगड. बारा अंकी आयडी कॉलेजच्या नोंदीत बरोबर चढलाय का, हे पहिल्याच भेटीत बघ. हे खातं ज्यातून दिसतं ते डिजिलॉकर उघडायला आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो, आणि तो मोबाइल पुष्कळदा मुंबईत कामाला असलेल्या किंवा होडीवर गेलेल्या वडिलांच्या खिशात असतो. आदल्या दिवशी घरी फोन करून ठेवायला सांग, नाहीतर ती भेट वाया जाते.

‘स्वयम्’ या सरकारी ऑनलाइन मंचावरचा कोर्स केलाय म्हणून मूल आनंदाने प्रमाणपत्र आणेल. कॉलेजची पूर्वपरवानगी होती का आणि तो कोर्स कोणत्या ओळीत धरायचा ठरला होता, हे विचार. परवानगीशिवाय केलेला कोर्स शिकण्यासाठी उत्तम, पण पानावर चढेलच असं नाही. सीजीपीए (क्रेडिटच्या वजनाने काढलेली ग्रेडची सरासरी) सांगतानाही सरळ सरासरी काढू नकोस. चार क्रेडिटला 8 आणि दोन क्रेडिटला 6 ग्रेड पॉइंट असतील तर 32 अधिक 12, भागिले 6, म्हणजे 7.33, सात नव्हे. चौथ्या वर्षी ऑनर्स विथ रिसर्च हवं असेल त्याला पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के लागतात, तिथे हा फरक महागात पडतो.

कुणी दुसऱ्या वर्षानंतर बोटीवर किंवा मुंबईला नोकरीला निघालं तर त्याला नुसतं जाऊ देऊ नकोस. ठरलेली क्रेडिट आणि जादा चार क्रेडिटचा कौशल्य कोर्स किंवा इंटर्नशिप पूर्ण केली तर पदविका हातात पडते, तीन वर्षांच्या आत परत येता येतं, आणि एकूण सात वर्षांत पदवी पुरी करता येते. ही माहिती घरच्यांसमोर दे. आपल्या भागात मूल परत येईल की नाही हे पुष्कळदा घर ठरवतं.

तपासणी कधी करायची? प्रत्येक निकालानंतर थोडी, पण खरी कसून चौथ्या सत्राचा निकाल लागल्यावर. तेव्हा दुरुस्तीला दोन सत्रं हाताशी असतात. सहाव्यात सापडलेली तूट म्हणजे खालच्या सत्राचा पेपर बाकी असल्यामुळे राखून ठेवलेला निकाल, आणि बीएड किंवा एमएचा प्रवेश हातचा जाणं. पुनर्मूल्यांकनाचा निकाल यायचा असेल तर त्या चौकटीत पेन्सिलीचीच खूण ठेव.

भेट संपताना मुलाला काय करायचं, कुणाकडे जायचं आणि कोणत्या तारखेपर्यंत, एवढ्या तीन ओळी पानाखाली लिही. दोघांची सही घे, एक प्रत त्याला दे. आपली प्रत प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेव; जुलैच्या दमट हवेत पेन्सिलीचे आकडे टिकतात, पण जेल पेनची शाई पसरते, म्हणून बॉलपेन वापर. पुढची भेट त्या तारखेच्या दुसऱ्या दिवशी, फॉर्मची पावती बघायला.

कळावे, लोभ असावा.

तुझा ज्येष्ठ सहकारी,
रत्नागिरी