उजनीचं हिरवं पाणी उकळून प्यायलं तर चालतं का?

प्रश्न : आमचं गाव करमाळा तालुक्यात, उजनीच्या बॅकवॉटरला. एप्रिल-मे आला की पाणी हिरवंगार होतं, वास मारतो, मोटर सरकवायला पाण्यात उतरलं की पाय खाजतात. घरी तुरटी फिरवून, उकळून पितो, एवढं पुरतं का? आणि टीव्हीवर धरण मायनसमध्ये गेलं म्हणतात पण समोर तर पाणी दिसतं, हे काय गौडबंगाल आहे?

उत्तर : ताई, आधी मायनसचं सांगते, ते सोपं आहे. उजनीत एकूण साधारण 117 टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट) पाणी मावतं, त्यातलं तळाचं 63 टीएमसीहून थोडं जास्त ते मृतसाठा, म्हणजे कालव्याने सहज न निघणारं. टक्के मोजतात ते वरच्या 53-54 टीएमसीचे. ते संपलं की शून्य, आणि त्याखाली उपसलं की मायनस. म्हणजे उणे 50 टक्के ऐकलं तरी तळाला 36-37 टीएमसी असतंच, फक्त ते तुमच्या बांधापासून लांब गेलेलं असतं आणि तुम्ही चाऱ्या खोदत, पाईप न् केबल वाढवत त्याच्या मागे धावत असता.

आता हिरवा रंग. पुणे-पिंपरी चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठा, पवना, इंद्रायणीतून भीमेत आणि भीमेतून तुमच्याकडे येतं, सगळं शुद्ध होऊन येतं असं समजू नका. त्यात नायट्रोजन-फॉस्फरस असतो, वर उसाच्या रानातलं खत वाहून येतं, उन्हाळ्यात पाणी कमी, गरम आणि थांबलेलं, मग शेवाळाची चंगळच की! तुम्ही पायपाला चिंध्या गुंडाळा नाहीतर अजून काही करा, वरून येणारं थांबल्याशिवाय हे थांबायचं नाही, आणि हे काम तुमचं नाही, वरच्या शहरांचं आहे.

उकळण्याबद्दल. उकळून जंतू मरतात, कावीळ-जुलाबाची भीती जाते, म्हणून एरवी उकळाच. पण नीलहरित शेवाळाच्या काही जाती विष तयार करतात आणि ते उकळून जात नाही, उलट पेशी फुटून पाण्यात उतरतं. तुरटीने गाळ बसतो, विरघळलेलं विष तसंच राहतं. हे शेवाळ आहे का याचा अंदाज घ्यायचा तर काचेची बरणी पाऊण भरा, झाकण लावा, न हलवता रात्रभर ठेवा. सकाळी हिरवं वर तरंगत असेल तर संशय धरा, खाली बसलं असेल तर बहुतेक साधं शेवाळ. ही काही लॅबची टेस्ट नाही पण बरणी घरातलीच आहे ना. पाणी घेताना हाताला हातमोजा असू द्या.

वर साय धरली असेल तर ते पाणी प्यायला नकोच आणि जनावरांनाही त्या कडेला सोडू नका. बोअरवर जाणार असाल तर उसाच्या पट्ट्यात त्यात खतातून झिरपलेलं नायट्रेट असू शकतं, मर्यादा लिटरला 45 मिलीग्रॅम, आणि उकळलं की ते कमी नाही, वाढतंच. छोट्या बाळाच्या दुधाला तर अजिबात नको. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच बायकांना टेस्ट किटचं ट्रेनिंग द्यायचं ठरलंय, ग्रामपंचायतीत विचारा किट कुठल्या कपाटात आहे ते. खाजतं त्याचं म्हणाल तर वर येऊन लगेच साध्या पाण्याने पाय धुवा, आणि पुरळ दोन-तीन दिवसांत गेलं नाही तर डॉक्टरला दाखवा.