व्हिडिओ कॉलवरची संगीत शिकवणी : वाचकांचे प्रश्न

गेल्या काही आठवड्यांत आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे व्हिडिओ कॉलवरून गायन-वादन शिकणाऱ्यांची किंवा त्यांच्या पालकांची आहेत. त्यांतील काही निवडून त्यांना येथे सविस्तर उत्तरे देत आहे.

प्रश्न : मी व्हिडिओ कॉलवर गायन शिकते. तबल्याच्या ॲपबरोबर एकटी गाताना मी समेवर नीट येते. परंतु शिकवणीच्या वेळी बाई पलीकडून टाळी देऊ लागल्या की मी सतत मागे पडते, असे त्यांचे म्हणणे असते. त्या सांगतात म्हणून मी लय ओढते, तेव्हा माझे माझ्याच कानाला ते चुकीचे वाटते. माझी लय कच्ची आहे का? अधिक वेगाचे इंटरनेट घेतल्यास हा प्रश्न सुटेल का?

उत्तर : आपण लिहिलेल्या वर्णनावरून आपली लय कच्ची असल्याचे दिसत नाही. टाळी बाईंच्या हातून निघाल्यापासून आपल्या कानापर्यंत पोहोचायला व्हिडिओ कॉलवर सर्वसाधारणपणे 100 ते 200 मिलिसेकंद लागतात, कधी त्याहून अधिक. हा विलंब 150 धरू. आपण त्या ऐकू आलेल्या टाळीवर अगदी नेमके गायलात, तरी आपला आवाज परत बाईंपर्यंत जायला आणखी 150 मिलिसेकंद जातात. म्हणजे बाईंना आपला स्वर त्यांच्या टाळीनंतर 300 मिलिसेकंदांनी ऐकू येतो. मिनिटाला 120 मात्रांच्या लयीत एक मात्रा 500 मिलिसेकंदांची असते. तेव्हा आपण तंतोतंत लयीत असूनही बाईंच्या कानाला अर्ध्या मात्रेहून अधिक मागे असता. त्यांचे ऐकून आपण लय ओढली, तर आपल्या बाजूला जे बरोबर होते तेच बिघडते. या घोटाळ्यात दोघींपैकी कोणाचीही चूक नाही, आणि तरीही अशा शिकवणीत चांगल्या विद्यार्थ्यांचा लयीवरचा विश्वास डळमळतो, म्हणून मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते.

एकत्र गाता-वाजवताना साधारण 25 ते 30 मिलिसेकंदांपर्यंतचा विलंब कलाकारांना सांभाळून घेता येतो. हवेत आवाज सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो, त्यामुळे दहा मीटर अंतरावर बसलेल्या साथीदाराचा आवाजही जवळपास इतक्याच विलंबाने येतो आणि तो आपल्याला जाणवत नाही. संभाषणाचे गणित निराळे आहे. एका बाजूने 150 मिलिसेकंदांपर्यंतचा विलंब बोलण्याला चालतो, असे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस सांगते, आणि कॉलची सारी यंत्रणा बोलण्यासाठीच बांधलेली आहे. बोलताना माणसे आळीपाळीने बोलतात; साथसंगतीत दोघांना एकाच क्षणी एकाच ठिकाणी यावे लागते.

वेगवान इंटरनेटने हा विलंब फारसा घटत नाही. प्रकाशतंतूतून संदेश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे एक हजार किलोमीटरला जेमतेम पाच मिलिसेकंद पुरतात. उरलेला बराचसा वेळ आवाजाचे लहान तुकडे करण्यात, ते आकुंचित करण्यात आणि उशिरा पोहोचणाऱ्या तुकड्यांसाठी पलीकडे थोडे थांबून राहण्यात जातो. वाय-फायऐवजी राउटरला केबलने संगणक जोडल्यास तुकडे अधिक नियमित येतात आणि आवाज तुटणे कमी होते, तेवढा लाभ मात्र अवश्य घ्यावा. जॅकट्रिप आणि जॅम्युलस यांसारखी खास संगीतासाठी केलेली साधने विलंब पुष्कळ कमी करतात. पण त्यांना केबलची जोडणी आणि चांगले ध्वनि-उपकरण लागते, दोघांमधले अंतरही फार असून चालत नाही. शिकवणीसाठी एवढा खटाटोप करण्याची मला गरज वाटत नाही, कारण साधा उपाय हाताशी आहे.

तो उपाय असा, की ठेका आपल्या बाजूला वाजला पाहिजे. कॉल ज्या यंत्रावर चालू आहे त्यावर तो लावू नये. दुसऱ्या फोनवर लावून तो फोन मायक्रोफोनजवळ ठेवावा. आता ठेका आणि आपला आवाज एकाच मायक्रोफोनातून, एकाच विलंबाने बाईंपर्यंत जातात. सारे काही उशिरा पोहोचले, तरी एकमेकांच्या तुलनेत ते जागच्या जागी असते, आणि आपण सम गाठली की नाही हे बाईंना अचूक कळते. बाईंनी त्या वेळी स्वतः टाळी देऊ नये. टाळी आपण द्यावी आणि ती पडद्यावर स्पष्ट दिसेल असे बसावे. बाई गाऊन दाखवतील तेव्हा ठेका त्यांच्या बाजूला लावावा आणि आपण केवळ ऐकावे. एकमेकींच्या आवाजात आवाज मिसळून गाण्याचा आनंद या पद्धतीत मिळत नाही, ही उणीव खरी आहे. त्या बदल्यात प्रत्येक जागा एकटीने तोलून म्हणण्याची सवय लागते, आणि बाईंच्या आवाजाच्या आधाराने चुका झाकल्या जात नाहीत.

प्रश्न : मी षड्ज लांबवला की दोन-तीन क्षणांनी माझा आवाज पलीकडे बुडतो, आणि श्वास घेऊन पुन्हा लावला की परत येतो, असे गुरुजी सांगतात. तानपुरा तर त्यांना अजिबात ऐकू जात नाही. मायक्रोफोन बदलावा का?

उत्तर : मायक्रोफोन बदलण्याची घाई करू नये. कॉलच्या ॲपमध्ये पार्श्वभूमीचा गोंगाट गाळणारी सोय मुळातच चालू असते. पंख्याची घरघर किंवा वाहनांचा आवाज ओळखताना ती एकसारखा, न बदलणारा नाद शोधते. तानपुऱ्याचा नाद नेमका तसाच असतो, आणि स्थिर लावलेला षड्जही पहिल्या क्षणानंतर तिला गोंगाटासारखा भासतो. आपला षड्ज डळमळीत असता, तर कदाचित तो अधिक वेळ टिकला असता. गुरुजी ज्या स्थिरतेसाठी आग्रह धरतात, तीच वाटेत गाळली जाते.

याच्या जोडीला आणखी दोन सोयी काम करत असतात. एक हळू आवाज आपोआप मोठा आणि मोठा आवाज लहान करते, त्यामुळे स्वराचा उठाव आणि विराम सपाट होतात. दुसरी प्रतिध्वनी दाबते, आणि दोन्हीकडून एकाच वेळी आवाज आला की एका बाजूला गप्प करते. झूममध्ये संगीतकारांसाठी ‘ओरिजिनल साउंड’ची खास सोय आहे; ती चालू करावी आणि तिच्यातील उच्च दर्जाच्या संगीताचा पर्यायही निवडावा. इतर ॲपमध्ये गोंगाट गाळण्याची सोय सेटिंगमध्ये शोधून बंद करता येते का, ते पाहावे. जेथे तसे बटणच नाही, ते ॲप गाण्याच्या शिकवणीसाठी वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ही सोय दोन्ही बाजूंना बदलावी लागते. केवळ आपण बदलून गुरुजींचा तानपुरा आपल्याला ऐकू येणार नाही.

प्रतिध्वनी दाबणारी सोय बंद केल्यावर दोघांनीही हेडफोन लावणे आवश्यक होते, आणि ते तारेचे असावेत. ब्लूटूथ हेडफोनचा मायक्रोफोन चालू झाला, की बहुतेक उपकरणांवर आवाजाचा दर्जा टेलिफोनच्या पातळीकडे घसरतो, शिवाय विलंबात भर पडते. हेडफोनचा एक कान थोडा मोकळा ठेवल्यास स्वतःचा आवाजही नैसर्गिक ऐकू येतो.

प्रश्न : तबल्याच्या शिकवणीत सरांचा डग्गा मला टकटक असाच ऐकू येतो. घुमारा कुठे जातो?

उत्तर : फोनच्या लहान स्पीकरमधून खर्जातले आवाज उमटतच नाहीत. कानावर बसणारे तारेचे हेडफोन लावून पाहावेत. घुमारा बऱ्याच अंशी परत येईल.

प्रश्न : माझी मुलगी सात वर्षांची आहे. तिला व्हायोलिन शिकायचे आहे आणि आमच्या जवळपास शिक्षक नाहीत. अगदी आरंभापासून व्हिडिओ कॉलवर शिकवावे का?

उत्तर : व्हिडिओद्वारे व्हायोलिन शिकवणे ही जुनी कल्पना आहे. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन स्कूल ऑफ म्युझिकमध्ये व्हायोलिनवादक पिंकस झुकरमन यांच्या पुढाकाराने 1996 साली दूरस्थ शिक्षणाचा उपक्रम सुरू झाला. मात्र ज्यांचा हात आधीच बसलेला आहे, त्यांना असे मार्गदर्शन जितके उपयोगी पडते तितके नवशिक्या मुलाला पडत नाही. खांद्यावर वाद्य कसे टेकवायचे आणि गजावर अंगठा कसा वळवायचा, हे शिक्षक एरवी हात धरून दाखवतात, आणि तेथेच पडद्याची मर्यादा येते. महिन्यातून एखादी शिकवणी प्रत्यक्ष जाऊन घेता येत असेल, तर प्रवासाचा त्रास सोसूनही घ्यावी. तेही शक्य नसेल, तरी मुलीची इच्छा मोडू नये. फक्त घरातील एका मोठ्या माणसाने प्रत्येक शिकवणीत तिच्याशेजारी बसण्याची तयारी ठेवावी.

त्या मोठ्या माणसाचे पहिले काम वाद्य सुरात लावण्याचे असेल. खुंटी जरा जास्त पिळली की तार तुटते आणि मूल घाबरते, म्हणून ही गोष्ट आरंभी शिक्षकांकडून स्वतः नीट शिकून घ्यावी. दुसरे काम कॅमेऱ्याचे आहे. समोरून घेतलेल्या चित्रात चेहरा छान दिसतो, पण गज घोडीला (तारा ज्या उभ्या पट्टीवर टेकतात तिला) समांतर फिरतो की तिरका जातो, हे कळत नाही. कॅमेरा जरा बाजूला आणि छातीच्या उंचीवर ठेवून गजाचे तारेवरचे टेकणे आणि उजवे कोपर एकाच चौकटीत येतील असे पाहावे.

एक बारीक बाब सहसा लक्षात येत नाही. बहुतेक ॲपमध्ये आपले स्वतःचे चित्र आरशासारखे उलटे दिसते, तर शिक्षकांचे चित्र सरळ असते. मुलीला स्वतःचा डावा हात पडद्याच्या डाव्या बाजूला आणि शिक्षकांचा डावा हात उजव्या बाजूला दिसतो, आणि सात वर्षांचे मूल गोंधळून नेमका उलटा हात उचलते. स्वतःचे चित्र लपवण्याची सोय वापरावी. तासाभराची शिकवणी या वयाला पेलत नाही; आठवड्यातून दोनदा अर्धा-अर्धा तास ठेवण्याविषयी शिक्षकांशी बोलून पाहावे.

प्रश्न : शिकवणी ध्वनिमुद्रित करायला आमच्या शिक्षिका नकार देतात. इतके शुल्क देऊनही हा अधिकार विद्यार्थ्याला नसावा का?

उत्तर : शिक्षिकांच्या संमतीवाचून मुद्रण करू नये, शुल्क कितीही असले तरी. शिकवताना शिक्षक अर्धवट गातात, मुद्दाम चूक करून दाखवतात, आणि असे तुकडे त्यांच्या नावाने बाहेर फिरावेत असे कोणालाही वाटणार नाही. मुद्रण, शिकवणी रद्द होणे आणि मध्येच जोडणी तुटल्यास वेळ भरून देणे, याविषयी दोघांनी आरंभीच लेखी ठरवून घेतले, तर पुढचा मनस्ताप टळतो.

आपली खरी गरज रियाजासाठी नमुना मिळण्याची असेल, तर त्या आठवड्याचे पलटे आणि बंदिशीचा मुखडा दोन-तीन मिनिटांत स्वतंत्र गाऊन पाठवण्याची विनंती करावी; याला सहसा नकार मिळत नाही. आपणही शिकवणीच्या आदल्या दिवशी आपले गाणे ठेक्यासह फोनवर मुद्रित करून त्यांना पाठवावे. कॉलची गाळणी त्यावर बसलेली नसते, त्यामुळे आपला आवाज शिक्षिकांना कॉलपेक्षा कितीतरी स्वच्छ ऐकू येतो. दोष त्यांनी आधीच हेरलेले असले, की शिकवणीचा वेळ ते दुरुस्त करण्यासाठी मोकळा मिळतो. पाठवताना पहिल्याच खेपेचे मुद्रण पाठवावे. दहा वेळा गाऊन निवडलेले नको.