तान्ह्या बाळासाठी ऑटोमॅटिक स्विंग: आधी पाठीचा कोन पाहा

स्विंगच्या, म्हणजे मोटरवर आपोआप झुलणाऱ्या बाळाच्या सीटच्या, जाहिरातीत गाणी, ब्लूटूथ आणि झुलण्याचे वेग आधी येतात. तुम्ही मात्र सीट किती मागे कलते ते आधी पाहा. पहिले काही महिने बाळाला मान नीट सावरता येत नाही. सीट उभी असली की डोकं पुढे झुकतं, हनुवटी छातीला टेकते आणि कोवळा, अरुंद श्वासमार्ग दबतो. अशा वेळी बाळ रडेलच असं नाही. गाढ झोपलंय असंच वाटतं. म्हणून भरपूर मागे कलणारी सीट निवडा आणि निदान पहिले चार महिने ती पूर्ण कललेलीच ठेवा.

तरीही स्विंग ही झोपायची जागा नव्हे. अमेरिकेत २०२२ पासून तान्ह्या बाळांना झोपवण्यासाठी विकल्या जाणाऱ्या साधनांच्या पाठीचा चढ १० अंशांपेक्षा जास्त चालत नाही. स्विंगची पाठ सहसा पूर्ण मागे नेली तरी याहून चढी राहते. बाळाचा डोळा लागला की उचलून सपाट, घट्ट गादीवर उताणं निजवा. घरात मदतीला कोणी नसेल, रात्रीची झोप झालेली नसेल, तर झोपलेल्या बाळाला हलवणं जिवावर येतं, हे आम्ही जाणतो. पण तुम्हालाच डुलकी लागत असेल तर स्विंग सुरूच करू नका. दूध वर येतं म्हणून स्विंगमध्ये बसवण्यानेही फायदा नाही. वाकलेल्या बैठकीत पोटावर दाब येतो. बाळ वेळेआधी जन्मलेलं असेल तर खरेदीपूर्वीच डॉक्टरांना विचारा.

पट्टा पाच बिंदूंचा घ्या: दोन खांद्यांवर, दोन कमरेला, एक पायांमधून. छाती आणि पट्टा यांत एक बोट जाईल इतकाच सैल ठेवा. पट्ट्याखाली जाड दुलई नको, आणि वेगळी विकत मिळणारी डोक्याची मऊ उशी तर नकोच. फिशर-प्राइसच्या स्नूगा स्विंगबाबत ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेत रिकॉल (धोकादायक माल परत घेण्याची किंवा दुरुस्त करण्याची जाहीर सूचना) निघाला, तेव्हा २० लाखांहून अधिक स्विंगमधली डोक्याची उशी आणि अंगाखालचा मऊ भाग काढून टाकायला सांगितलं गेलं. २०२२ मध्ये फोरमॉम्स कंपनीच्या मामारू स्विंगचा रिकॉल झाला, कारण रिकाम्या सीटखाली लोंबणारे पट्टे रांगत्या बाळाच्या गळ्यात अडकत होते. घरात मोठं भावंड रांगत असेल तर हे विसरू नका.

जुना स्विंग घेताना सीटखालच्या स्टिकरवरचा मॉडेल क्रमांक रिकॉलच्या यादीत तपासा. स्टिकर फाटलेलं असेल तर तो स्विंग घेऊ नका. सीटवर चार-पाच किलोचं वजन बांधून सर्वांत कमी वेगावर चालवून पाहा. मोटर कुरकुरत असेल किंवा झोका मध्येच थांबत असेल तर मोटर थकलेली आहे, किंवा सेल उतरलेत. सेल बदलूनही तेच झालं तर परत द्या.

देश बदलणार असाल तर अडॅप्टर वाचा. त्यावर १००–२४० व्होल्ट लिहिलेलं असेल तर फक्त पिन बदलावी लागते. नुसतं १२० लिहिलेलं अडॅप्टर २३० व्होल्टच्या देशात लावलं तर जळतं.

स्विंग जमिनीवरच ठेवा, टेबलावर कधीच नाही. सुरुवात मंद वेगाने करा. एका वेळी अर्धा तास पुरे. सतत टेकून डोक्याची मागची बाजू चपटी होऊ शकते. वजनाची मर्यादा बहुधा ९ ते ११ किलो असते, पण बाळ स्वतः उठून बसायला किंवा बाहेर झुकायला लागलं की वजन कितीही असो, स्विंग बंद करा.